जुन्या गाडीतील तुटलेला आतला भाग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीचे इंजिन ठणठणीत असते, पत्राही शाबूत असतो, आणि दार आतून उघडायला जावे तर हँडल हातात येते. ग्लोव्ह बॉक्सचे झाकण, एसीच्या झडपा, आसन मागे झुकवण्याची कळ, काच वर-खाली करण्याची फिरकी, आर्मरेस्ट हे भागही असेच अचानक साथ सोडतात. पुढील प्रश्नोत्तरे अशा भागांविषयी आहेत. उदाहरणे बहुतांशी दाराच्या आतल्या हँडलची घेतली आहेत, कारण या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या एका भागापाशी एकत्र भेटतात.

जुन्या गाडीतले प्लॅस्टिक इतक्या सहज का तुटते?

बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डच्या पृष्ठभागाचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते आणि रात्री ते पुन्हा बाहेरच्या हवेइतके खाली येते. हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते. प्रत्येक वेळी प्लॅस्टिक फुगते आणि आकसते, पण त्यात बसवलेला स्क्रू किंवा धातूची पिन तितकी फुगत नाही. त्यामुळे ताण नेमका स्क्रूच्या भोकाभोवती आणि बिजागरीच्या पिनेपाशी साठत जातो, आणि तडा पहिल्यांदा तिथेच दिसतो. त्याच काळात उन्हातील अतिनील किरणांमुळे पृष्ठभागावरील पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटत असतात, आणि मऊ विनाइलच्या आवरणाला लवचीक ठेवणारी द्रव्ये हळूहळू उडून जात असतात. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला कितीही पुसला तरी परत येणारा जो धुरकट थर दिसतो, त्यात या उडालेल्या द्रव्यांचाही वाटा असतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तुटलेल्या भागाच्या शेजारचे, अजून धड दिसणारे पॅनेलही त्याच वयाचे आणि तितकेच ठिसूळ आहे. या कामात होणारे नुकसान पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा भाग उचकटताना अधिक होते, याचे कारण हेच.

नवा भाग आणण्याआधी काय तपासावे?

तो का तुटला ते आधी पाहावे. हा टप्पा सर्रास वगळला जातो, आणि मग नवे हँडलही काही महिन्यांत त्याच जागी तुटते.

दाराचे हँडल घ्या. ते स्वतः काहीच उघडत नाही. एका सळईने किंवा केबलने ते दाराच्या कडेत बसवलेले लॅच, म्हणजे दार अडकवून ठेवणारा खटका, ओढते. लॅचमधले ग्रीस वाळून त्यात धूळ बसली की ते सोडवायला जास्त जोर लागतो, हा जोर हात नकळत देत राहतो, आणि शेवटी सर्वांत कमकुवत दुवा, म्हणजे प्लॅस्टिकचे हँडल, ते ज्यावर फिरते त्या खुंटीपाशी तुटते. पॅनेल काढल्यावर सळई दोन बोटांनी ओढून पाहावी. लॅच सहज सुटले, तर दोष खरोखरच हँडलच्या वयाचा आहे. बोटे दुखेपर्यंत ओढावे लागले, किंवा ओढल्यावर लॅचची कळ स्वतःहून पूर्ण मागे येत नसली, तर नवे हँडल बसवण्यापूर्वी लॅच साफ केलेच पाहिजे. आधी गंज सोडवणारा पातळ स्प्रे मारून जुनी घाण विरघळू द्यावी, ती कापडाने टिपून घ्यावी, लॅच हाताने अनेकदा उघडझाप करावे आणि मगच पांढरे लिथियम ग्रीस लावावे. पातळ स्प्रेवरच काम भागवू नये; तो उडून जातो आणि लॅच पुन्हा कोरडे पडते.

इतर भागांनाही हाच नियम लागू आहे. काचेची फिरकी तुटली असेल तर काच ज्या रबरी खोबणीतून सरकते ती खोबण वाळलेली असण्याची शक्यता मोठी आहे आणि तिथे सिलिकॉनचा स्प्रे लागतो. ग्लोव्ह बॉक्सची बिजागरी तुटली असेल तर त्याचे झाकण हळू खाली आणणारा छोटा दट्ट्या किंवा दोरी निकामी झाली आहे का ते पाहावे, कारण त्याविना झाकणाचा प्रत्येक धक्का बिजागरीवरच येतो. एसीच्या झडपेची चकती अडखळत असेल तर ती बळाने फिरवण्याआधी आत एखादे नाणे वा पेनाचे टोपण पडले आहे का, हे टॉर्च लावून पाहणे बरे.

तुटलेला भाग चिकटवून भागते का, की बदलावाच लागतो?

त्या भागावर जोर किती येतो आणि तो कोणत्या प्लॅस्टिकचा आहे, या दोन गोष्टींवर हे ठरते. केवळ शोभेची पट्टी, स्विचभोवतीची चौकट, स्पीकरची जाळी असे भाग चिकटवायला हरकत नाही. हँडल, आसनाची कळ, बिजागरी यांच्यावर रोज खेच पडते. तेथे चिकटवलेला सांधा हा फार तर नवा भाग येईपर्यंतचा उपाय समजावा.

प्लॅस्टिक कोणते, हे बहुधा भागाच्या मागच्या बाजूला, दोन टोकदार कंसांमध्ये कोरलेले असते. ‘एबीएस’ असेल तर काम सोपे आहे: एबीएससाठीचा द्रावक गोंद दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून घट्ट होतात. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रोपिलीन; त्याच्यापुढे ‘टी२०’ असे असेल तर त्यात २० टक्के शंखजिऱ्याची पूड मिसळलेली आहे. पॉलिप्रोपिलीनला झटपट चिकटणारा नेहमीचा गोंद धरत नाही, आधी त्याच्यासाठीचा प्रायमर, म्हणजे गोंद धरवणारा पातळ थर, लावावा लागतो, आणि तरीही सांधा भरवशाचा होईलच असे नाही. ‘पीए६६-जीएफ३०’ म्हणजे ३० टक्के काचतंतू घातलेले नायलॉन. हे मजबूत असते, पण एकदा तुटले की सांध्यातून काचतंतू जात नसल्याने मूळ ताकद परत येत नाही. ‘पीओएम’ अशी खूण बारीक दात्यांवर आणि क्लिपांवर आढळते. हे प्लॅस्टिक मुळातच निसरडे, त्याला गोंद जवळजवळ लागतच नाही, म्हणून त्याचा तुकडा थेट बदलावा.

चिकटवण्यापूर्वी पृष्ठभागावरची चकाकी आणणारी पॉलिश पूर्ण काढून टाकावी. तिच्यात बहुधा सिलिकॉन असते आणि त्याच्यावर ना गोंद धरतो ना रंग.

नेमका आपल्याच गाडीचा भाग कसा ओळखावा?

शक्य असेल तर तुटलेला भाग आधी काढावा आणि मगच नवा मागवावा. गाडी दोन दिवस अर्धवट उघडी राहील, हे खरे, पण चुकीचा भाग आला तर ती दोन आठवडे तशी राहील. काढलेल्या भागाच्या मागे कोरलेला किंवा चिकटवलेला क्रमांक हाच सर्वांत भरवशाचा पुरावा असतो. हा क्रमांक पुढे बदललेला असू शकतो: उत्पादक एखाद्या भागात किरकोळ सुधारणा करून त्याला नवा क्रमांक देतात आणि जुना बंद करतात. त्यामुळे जुन्या क्रमांकाने काही सापडले नाही तर भाग मिळतच नाही असे समजू नये. त्याच्या बदली कोणता क्रमांक आला, हे विचारावे.

दुसरा आधार म्हणजे गाडीचा १७ अक्षरांचा वाहन ओळख क्रमांक, जो नोंदणीच्या कागदांवर आणि गाडीच्या सांगाड्यावर असतो. त्यात इंग्रजीतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, म्हणजे गोल दिसणारे चिन्ह शून्यच असते. हा क्रमांक दिला की विक्रेत्याला गाडीच्या निर्मितीचा काळ आणि प्रकार कळतो, आणि एकाच नावाच्या गाडीत मधेच झालेला बदल निसटत नाही. केवळ ‘अमुक मॉडेल, अमुक साल’ एवढ्यावर भाग मागवणे धोक्याचे आहे, कारण वर्षाच्या मध्यावर डॅशबोर्ड बदललेल्या गाड्या काही थोड्या नाहीत.

डावे आणि उजवे यांचा घोळ तर नित्याचा आहे. सुट्या भागांच्या यादीत डावा म्हणजे गाडीत पुढे तोंड करून बसलेल्या माणसाचा डावा. गाडीसमोर उभ्या राहून पाहणाऱ्याचा नव्हे. शिवाय एकच मॉडेल डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या सुकाणूसह विकले गेले असेल, तर खिडक्यांच्या स्विचांचे पॅनेल, ग्लोव्ह बॉक्स, मधल्या कन्सोलचे काही भाग आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटे असतात. छायाचित्रात ते हुबेहूब दिसतात आणि प्रत्यक्षात एकही भोक जुळत नाही.

मूळ उत्पादकाचा, अन्य उत्पादकाचा की वापरलेला भाग घ्यावा?

मूळ उत्पादकाचा नवा भाग मिळत असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, मात्र जुन्या गाड्यांच्या आतल्या भागांचे उत्पादन बहुधा इंजिनच्या भागांच्या आधी थांबते. अन्य उत्पादकांचे भाग हँडल आणि फिरकी यांसारख्या, हमखास तुटणाऱ्या वस्तूंचे मिळतात. ते वाईटच असतात असे नाही, पण घेताना खुंटी आणि स्प्रिंगकडे पाहावे: मूळ भागात धातूची पिन असून बदली भागात तिथे प्लॅस्टिकची खुंटी असेल, तर तो भाग घेऊ नये.

वापरलेला भाग घेताना आपण त्याच वयाचे, तितकेच तापलेले प्लॅस्टिक घेत आहोत, याचे भान ठेवावे. भाग हातात घेऊन किंचित वाकवावा. वाकवताना पांढरी रेघ उमटली किंवा बारीक करकर आली तर तो परत ठेवावा. माझ्या मते वापरलेल्या भागांमधली सर्वांत चांगली खरेदी म्हणजे मागच्या दाराचे हँडल. अनेक गाड्यांत एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या दाराला आतून सारखेच हँडल असते, पण मागचे दार कितीतरी कमी वेळा उघडले जाते. क्रमांक जुळत असेल तर तेच शोधावे. आपल्याच गाडीतली पुढची-मागची अदलाबदल हाही तात्पुरता मार्ग आहे, मात्र मागे बसणाऱ्याला दार आतून उघडता येणार नाही अशी स्थिती कायम ठेवू नये.

त्रिमितीय छपाईने (थ्रीडी प्रिंटिंगने) बनवलेला भाग चालेल का?

चालतो, पण साहित्य पाहून. पीएलए हे छपाईत सर्वाधिक वापरले जाणारे प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, म्हणजे उन्हातल्या डॅशबोर्डवर ते पहिल्याच उन्हाळ्यात वाकते. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास आणि एबीएस व एएसए १०० अंशांच्या आसपास टिकतात. त्यांपैकी एएसए अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी तोंड देते. छापील भाग थरांच्या सांध्यावर कमकुवत असतो, म्हणून खेच ज्या दिशेने येणार त्या दिशेला थर आडवे फाटणार नाहीत अशी मांडणी हवी. सुट्या टोपण्या, चौकटी, क्लिपांची बैठक यांसाठी हा मार्ग उत्तम आहे. दाराच्या हँडलसाठी मी तो सुचवणार नाही.

आगीचाही विचार करावा. अमेरिकेतील एफएमव्हीएसएस ३०२ या नियमानुसार गाडीच्या आतील साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळता कामा नये. घरी बनवलेल्या भागाची अशी चाचणी कोणीच करत नाही, त्यामुळे तो हीटरच्या नळीपाशी किंवा तारांच्या गुंत्याजवळ बसवणे टाळावे.

कोणती हत्यारे लागतात?

फार नाहीत: पॅनेल उचकटण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क्स प्रकारची (चांदणीच्या आकाराची) टी२० ते टी३० टोके, बॅटरीसाठी बहुधा १० मिलिमीटरचा पाना, एक बारीक हुक आणि टॉर्च. पॅनेल उचकटायला लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. त्याने पडलेली खाच उन्हाने आधीच ठिसूळ झालेल्या कडेवर कायमची राहते.

बॅटरी सोडवणे खरोखर आवश्यक आहे का?

साध्या हँडलसाठी नाही, पण स्विच, वायर किंवा एअरबॅग यांच्या जवळपास हात जाणार असेल तर होय. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज साठवणारे कपॅसिटर असतात, जेणेकरून अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी. म्हणजेच बॅटरी सोडवल्या सोडवल्या ही यंत्रणा निर्जीव होत नाही. किती वेळ थांबावे हे गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले असते आणि ते गाडीगणिक बदलते. पुस्तिका हाताशी नसेल तर बॅटरीची ऋण तार सोडवून किमान १० ते १५ मिनिटे थांबावे.

बॅटरी सोडवण्यापूर्वी विजेवर चालणारे आसन हवे तितके मागे घ्यावे, काच वर करून ठेवावी, आणि रेडिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो आपल्याकडे आहे याची खात्री करावी. बॅटरी पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांत एका दाबात वर जाणारी काच तसे करणे सोडून देते. ती पूर्ण वर नेऊन स्विच काही क्षण दाबून ठेवल्यावर बहुधा पुन्हा शिकते.

एअरबॅगच्या जवळ काम करताना नेमके काय टाळावे?

पिवळ्या रंगाच्या जोडण्या आणि पिवळ्या आवरणातील तारा प्रथेने एअरबॅगच्या आणि आसनपट्टा आवळणाऱ्या यंत्रणेच्या असतात. त्या सोडवू नयेत, आणि मल्टिमीटर लावून त्यांची तपासणी तर कदापि करू नये, कारण मीटरचा बारीकसा प्रवाहही एअरबॅग पेटवू शकतो. जोडणी सुटलेली असताना किल्ली फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवण्यासाठी संगणक जोडावा लागतो.

जुन्या गाडीत एअरबॅग केवळ सुकाणूतच असेल असे गृहीत धरू नये. आसनाच्या कडेला शिवलेली छोटी चिठ्ठी, छत पेलणाऱ्या, काचांलगतच्या खांबाच्या आवरणावर कोरलेली ‘एअरबॅग’ ही अक्षरे, ग्लोव्ह बॉक्सच्या वरची पुसट रेघ, या खुणा शोधाव्यात. खांबांची आवरणे पडद्यासारखी एअरबॅग उघडताना अंगावर उडू नयेत म्हणून खास क्लिपांनी बांधलेली असतात, आणि यांतल्या काही क्लिपा एकदाच वापरायच्या असतात. त्या जागी साधी क्लिप लावणे ही काटकसर नव्हे.

क्लिपा न तोडता दाराचे पॅनेल कसे काढावे?

सर्वप्रथम सगळे स्क्रू शोधावेत, कारण पॅनेल फाटण्याचे मुख्य कारण हेच की एक स्क्रू आत राहिलेला असतो. हँडलच्या वाटीच्या तळाशी, दार ओढण्याच्या खोबणीत छोट्या टोपणाखाली, आरशाच्या त्रिकोणी आवरणामागे, पॅनेलच्या कडेच्या लाल दिव्यामागे किंवा परावर्तकामागे ते लपलेले असतात. टोपण उघडावे की नाही असा संशय आला तर उघडून पाहावे.

काम उबदार हवेत करावे. थंडीत हेच प्लॅस्टिक काचेसारखे तडकते, म्हणून गारठा असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने कड जराशी कोमट करून घ्यावी. हात लावता येईल इतपतच. मग खालच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करावी. प्लॅस्टिकची पट्टी पॅनेल आणि पत्रा यांच्या मध्ये सरकवून ती कडेने हलवत न्यावी, जिथे अडते तिथे क्लिप आहे. पट्टी क्लिपच्या अगदी लगत, शक्य तर तिच्या दोन्ही अंगांनी आणावी आणि तिथेच जोर द्यावा. दोन क्लिपांच्या मध्ये जोर दिला तर पॅनेल वाकते आणि क्लिपची बैठक पॅनेलपासून उखडते. क्लिप सुटल्याचा ‘टक’ असा पोकळ आवाज येतो. चर्रकन् लांबलेला आवाज आला तर थांबावे, काहीतरी फाटते आहे.

खालची आणि दोन्ही बाजूंची रांग सुटली तरी पॅनेल बाहेर ओढू नये. त्याची वरची कड काचेलगतच्या फटीत अडकवलेली असते, म्हणून ते आधी सरळ वर उचलावे लागते. एवढे झाले तरी हँडलची केबल, स्विचांच्या तारा आणि कदाचित दिव्याची तार त्याला जोडलेलीच असते. पॅनेल गुडघ्यावर टेकवून त्या एकेक करून सोडवाव्यात. निम्म्या क्लिपा पत्र्याच्या भोकांतच राहिलेल्या दिसतील. त्या पक्कडीने काढून पॅनेलच्या खाचेत सरकवून बसवाव्यात, पंख मोडलेल्या टाकून द्याव्यात. नव्या क्लिपा थोड्या जास्तच आणून ठेवणे शहाणपणाचे.

स्क्रू एका पुठ्ठ्यावर दाराचे ढोबळ चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवावेत. लांबी वेगळी असलेला एक स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो पलीकडची तार किंवा काच गाठू शकतो.

काच वर-खाली करण्याची फिरकी निघतच नाही. काय करावे?

बहुतेक जुन्या गाड्यांत फिरकीच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. फिरकी आणि पॅनेल यांच्या मध्ये कापडाची लांब पट्टी घालून तिची दोन्ही टोके धरावी आणि बूट पुसल्यासारखी आळीपाळीने ओढत ती फिरकीच्या बुडापाशी न्यावी. कापडाचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि ती निसटते. क्लिप उडून जाते, म्हणून दुसरा हात वर आडवा धरावा. बसवताना क्लिप आधी फिरकीत घालून फिरकी दांड्यावर सरळ दाबली की पुरे.

पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटला तर बिघडते का?

बिघडते. पावसाचे पाणी काचेच्या खोबणीतून दाराच्या पोकळीत उतरतच असते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर जाते. तो पडदा हे पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. तो फाटका राहिला किंवा नुसता लोंबता सोडला तर पॅनेलचा पुठ्ठा फुगतो, जमिनीचा गालिचा ओला राहतो आणि कुबट वास येऊ लागतो. पुष्कळांना हा वास एसीचा वाटतो. काही गाड्यांत तर दाराच्या पोकळीतील हवेच्या दाबावरून बाजूची धडक ओळखणारा संवेदक असतो, त्यामुळे ही पोकळी मुळात होती तशी बंद राहणे सुरक्षेसाठीही गरजेचे ठरते.

पडदा धरून ठेवणारा काळा चिकट बुटाइल (रबरासारखा लगदा) अजून मऊ असेल तर पडदा सावकाश सोलून, धूळ न लागू देता बाजूला ठेवावा आणि परत दाबून लावावा. कडक झाला असेल तर बुटाइलची नवी पट्टी लावावी. पडद्याची खालची कड दाराच्या पोकळीत आत वळवलेली होती की बाहेर, हे काढतानाच लक्षात घ्यावे.

नवे हँडल बसवण्याचा क्रम कोणता?

केबल किंवा सळई आधी, स्क्रू नंतर. सळई असेल तर तिचे वाकवलेले टोक प्लॅस्टिकच्या लहानशा चिमट्यात बसते. हा चिमटा ओढून नव्हे, तर फिरवून उघडतो. केबल असेल तर तिच्या टोकाची गोळी हँडलच्या खाचेत आणि बाहेरची नळी तिच्या कोंदणात, दोन्ही पूर्ण बसल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुष्कळ हँडलांचे स्क्रूचे भोक लांबट असते, ते ताण जुळवण्यासाठी. हँडल ओढल्यावर किंचित रिकामी हालचाल व्हावी आणि मग लॅचचा जोर हाताला लागावा. ही रिकामी हालचाल अजिबात नसेल तर लॅच सतत थोडेसे ओढलेले राहते आणि दार पक्के बसत नाही. ती फार असेल तर हँडल पूर्ण ओढूनही दार उघडत नाही.

यानंतरची चाचणी दार उघडे असतानाच करावी, आणि ती कोणत्याही कारणाने टाळू नये. लॅचचा फिरता पंजा स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणावा. दोनदा खटका वाजतो, पहिला अर्धा आणि दुसरा पूर्ण. आता आतले हँडल ओढावे, पंजा उडून उघडला पाहिजे. मग तो पुन्हा बंद करून बाहेरचे हँडल, कुलपाची कळ आणि मागचे दार असेल तर मुलांसाठीचे कुलूप तपासावे. हे सारे पाच-सात वेळा बिनचूक झाल्यावरच, काच खाली ठेवून, दार लावावे. चाचणी न करता दार लावले आणि दोन्ही हँडले निकामी निघाली, तर पॅनेलचे स्क्रू बंद दाराआड जातात आणि ते दार उघडणे हे हँडल बदलण्याच्या अनेक पट कष्टाचे काम होऊन बसते.

स्क्रूचे आटे गेले असतील तर?

आधी ते का जातात ते सांगणे भाग आहे. प्लॅस्टिकमध्ये शिरणारा स्क्रू पहिल्यांदा स्वतःच आटे पाडतो. पुन्हा बसवताना तो सरळ पिळला तर जुने आटे आडवे कापून नवे पाडतो, आणि दोन-तीन खेपांत भोक गुळगुळीत होते. म्हणून स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यात तो किंचित खाली पडल्याचे बोटांना जाणवते, तिथून सुलटा पिळावा. विजेचा स्क्रू ड्रायव्हर येथे वापरू नये. स्क्रू टेकल्यावर मनगटाचा अर्धा झटका पुरेसा असतो.

आटे गेलेच असतील तर त्याच प्रकारचा, जराशा जास्त व्यासाचा स्क्रू वापरता येतो, पण भोकाभोवतीची भिंत पातळ असेल तर ती फुटते. तिथे आतून आटे असलेली पितळी पुंगळी डाखणीच्या टोकाने तापवून बसवणे अधिक टिकाऊ ठरते.

वापरलेल्या भागाचा रंग जुळत नाही. रंगवावा का?

लहान भाग रंगवता येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसून, अगदी बारीक पॉलिश पेपरने चमक मारून, प्लॅस्टिकसाठीचा रंग पातळ थरांत द्यावा; पॉलिप्रोपिलीन असेल तर आधी रंग धरवून ठेवणारा प्रायमर हवाच. जाड थर दिला तर पृष्ठभागाची बारीक खरबरीत नक्षी भरून जाते आणि नवा रंग जुळूनही भाग वेगळाच दिसतो. हाताच्या घामाने आणि नखांनी हँडलचा रंग लवकर निघतो, म्हणून हँडल रंगवण्याऐवजी दोन्ही बाजूंची हँडले जोडीने बदलणे मला पटते. डावे आणि उजवे एका नजरेत येतात. पुढचे आणि मागचे येत नाहीत.

छताचे कापड लोंबू लागले आहे. ते परत चिकटवता येईल का?

तसे करून उपयोग होत नाही. कापडाच्या मागचा फोमचा पातळ थर भुगा होऊन सुटलेला असतो, गोंद वाळलेला नसतो. नवा गोंद त्या भुग्यालाच चिकटतो आणि आठवड्याभरात कापड पुन्हा खाली येते, वर डाग राहतात ते वेगळे. छताचा पुठ्ठा पूर्ण उतरवून, जुना फोम ब्रशने खरवडून, फोम लावलेले नवे कापड उष्णता सोसणाऱ्या स्प्रे गोंदाने बसवावे लागते. छताच्या कडांना पडद्यासारखी एअरबॅग असेल तर हे काम जाणकाराकडे द्यावे.

सगळे बसवल्यावर खडखड येते. कुठे शोधावे?

चालत्या गाडीत दुसऱ्या कोणी पॅनेलवर तळहात दाबून पाहावे. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथली क्लिप एक तर बसलेली नाही किंवा घातलेलीच नाही. क्लिपा पुऱ्या असतील तर सुटी सळई किंवा तारांचा झुबका पत्र्यावर आपटत असतो. तेथे फेल्टची चिकट पट्टी गुंडाळावी. एअरबॅगच्या आवरणावर किंवा त्याच्या सांध्यावर मात्र कोणतीही पट्टी अथवा फोम लावू नये.

कोणती कामे स्वतः करू नयेत?

सुकाणूच्या मधले आवरण, एअरबॅग असलेले आसन उसवणे, आसनपट्ट्याची यंत्रणा आणि संपूर्ण डॅशबोर्ड उतरवणे. शेवटचे धोक्याचे म्हणून नव्हे, तर इतके लांबलचक म्हणून, की जुन्या गाडीत त्या ओघात आणखी पाच गोष्टी तुटतात.

तुटलेला जुना भाग टाकून द्यावा का?

नवा भाग बसून, काही दिवस वापरून, त्याचे काम ठीक चालले आहे हे दिसेपर्यंत तो ठेवावा, कारण भाग परत करायची वेळ आली तर क्रमांक आणि मापे त्याच्यावरूनच ताडून पाहता येतात. त्यातली स्प्रिंग, धातूची पिन आणि स्क्रू काढून घ्यावेत. पुष्कळ बदली भाग यांच्याशिवायच येतात. उरलेले प्लॅस्टिक मागची खूण पाहून त्या प्रकारच्या पुनर्वापरासाठी देता येते, मात्र त्याला फोम, कापड किंवा धातू चिकटलेला असेल तर तो आधी वेगळा करावा लागतो.